एमजी विंडसर ईव्ही : गाडी विकत, बॅटरी भाड्याने, हिशेब कोणाला जमतो?

गाडी म्हणून एमजीच्या इलेक्ट्रिक विंडसरमध्ये फारसं खोट काढण्यासारखं नाही. जागा ऐसपैस, चालवायला हलकी, शहरात रेंज पुरेशी. पण ती घ्यायची की नाही याचा निर्णय शोरूममध्ये होत नाही. तो होतो दोन ठिकाणी : तुमच्या महिन्याच्या रनिंगच्या आकड्यात आणि पार्किंगपर्यंत येणाऱ्या वायरीत. ही दोन गणितं जुळली तर ही गाडी पेट्रोलच्या तुलनेत दर महिन्याला ठळक पैसे वाचवते. नाही जुळली तर पेट्रोल गाडीपेक्षा महाग पडते, आणि डोकेदुखी वेगळी. म्हणून इथे डॅशबोर्डपेक्षा भाड्याबद्दल आणि सॉकेटबद्दल जास्त लिहिलं आहे.

गाडीबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या मूळ विंडसरमध्ये ३८ युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे, मोटर १३६ पीएस आणि २०० न्यूटन-मीटरची, पुढच्या चाकांना ताकद देणारी. कंपनीने सांगितलेली रेंज ३३२ किलोमीटर. मे २०२५ मध्ये ५२.९ युनिटची विंडसर प्रो आली, तिची सांगितलेली रेंज ४४९ किलोमीटर. व्हीलबेस २.७ मीटर, त्यामुळे मागच्या सीटवर पाय ताणून बसता येतं आणि पाठ १३५ अंशांपर्यंत मागे झुकते. घरात वयस्कर माणसं असतील तर याच्याइतकी आरामाची मागची सीट या किमतीत मिळणं कठीण. सीटची उंचीही अशी की बसताना वाकावं लागत नाही आणि उतरताना गुडघ्यावर जोर येत नाही. मूळ विंडसरची डिकी ६०४ लिटरची.

खटकणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, हेडलाइट आणि बाहेरचे आरसे यांच्यासारख्या रोजच्या गोष्टीसुद्धा १५.६ इंची पडद्यातून शोधाव्या लागतात. घाटात धुकं अचानक उतरतं तेव्हा हात बटणाकडे जातो, मेनूकडे नाही. गाडी ताब्यात घेतल्यावर शॉर्टकट लावून घ्या आणि उभ्या गाडीत हाताला सवय होऊ द्या. दुसरी, सस्पेन्शन मऊ आहे. शहरातल्या खड्ड्यांवर ते सुखाचं वाटतं, पण वेगात वळणावर गाडी कलते आणि मागे बसलेल्यांना लागते. पावसाळ्यात ओल्या चढावर एकदम पाय दाबला तर पुढची चाकं घसरतात, तिथे इको मोड ठेवावा.

भाड्याचं गणित

बाजारात आली तेव्हा विंडसरच्या दोन किमती जाहीर झाल्या. बॅटरीसकट १३.५० लाख रुपयांपासून, आणि बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख अधिक किलोमीटरला ३.५ रुपये. दोन्ही एक्स-शोरूम. नंतर दर बदलत गेले, त्यामुळे आजचं कोटेशन हातात घ्या. रीत मात्र तीच राहते, म्हणून हिशेब मूळ आकड्यांवर मांडू.

फरक ३.५१ लाखांचा. त्याला ३.५ ने भागलं की साधारण १ लाख किलोमीटर येतात. म्हणजे १ लाख किलोमीटरपर्यंतचं भाडं बॅटरीच्या रोख किमतीएवढं होतं. त्यानंतरचं प्रत्येक किलोमीटर वरखर्च.

आता बारीक अक्षरातली अट. भाडं महिन्याला किमान १,५०० किलोमीटरचं आकारलं जातं. गाडी उभी राहिली तरी ५,२५० रुपये जाणारच. ही अट लक्षात न घेता ‘३.५ रुपये किलोमीटर’ एवढंच डोक्यात ठेवलं की सगळा हिशेब फसतो. ज्याचं रनिंग महिन्याला ८०० किलोमीटर आहे त्याला नुसतं बॅटरीचं भाडंच किलोमीटरमागे ६.५६ रुपये पडतं. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरलं तर पेट्रोल गाडीला किलोमीटरला ६.९३ रुपये लागतात. विंडसरच्या भाड्यात अजून विजेचे दीड ते पावणेतीन रुपये मिळवायचे आहेत. म्हणजे कमी चालवणाऱ्याला भाड्याची बॅटरी पेट्रोलपेक्षा सरळ महाग.

मग जास्त चालवणाऱ्याला फायदा? तोही नाही. हेच ३.५१ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज काढून उभे केले तर हप्ता सुमारे ७,२८६ रुपये बसतो आणि पाच वर्षांनी संपतो. भाडं त्या हप्त्याएवढं होतं महिन्याला २,०८० किलोमीटरला. महिन्याला २,५०० किलोमीटर चालवणारा भाड्यापोटी ८,७५० रुपये भरेल, कर्जापेक्षा जवळजवळ दीड हजार जास्त.

थोडक्यात, भाड्याची योजना एका अरुंद पट्ट्यात बसणाऱ्यांसाठी आहे. रनिंग महिन्याला १,५०० ते २,००० किलोमीटर, रोज घर-ऑफिस ठरलेलं, आणि सुरुवातीला साडेतीन लाख घालायचे नाहीत किंवा कर्जाची मर्यादा आधीच भरलेली. १,५०० किलोमीटरवर भाडं आणि वीज मिळून किलोमीटरला पाच ते सव्वासहा रुपये होतात. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला हजार ते तीन हजार वाचतात, त्याहून जास्त नाही. बॅटरी स्वतःची असेल तर चालू खर्च फक्त विजेचा. तिथे बचत खरी दिसते.

प्रोचा हिशेबही याच वळणाचा. ती भाड्याच्या योजनेत १२.५० लाख अधिक किलोमीटरला ४.५ रुपये अशी आली, बॅटरीसकट सुरुवातीची किंमत १७.४९ लाख. रोख किमतीला भाडं गाठतं १ लाख ११ हजार किलोमीटरच्या आसपास. १,५०० किलोमीटरच्या किमान अटीप्रमाणे महिन्याला ६,७५० रुपये.

भाडं म्हटलं तरी कागदावर हा एका फायनान्स कंपनीशी केलेला करार असतो. गाडीच्या कर्जाचा हप्ता वेगळा आणि बॅटरीचा वेगळा, असे दोन हप्ते चालू राहतात. सही करण्याआधी करारात या गोष्टी लेखी दिसल्या पाहिजेत : भाडं किती वर्षांनी थांबतं आणि त्यानंतर बॅटरी कोणाची; मधेच बॅटरी विकत घ्यायची असेल तर शिल्लक रक्कम कशी मोजणार; न वापरलेले किलोमीटर पुढच्या महिन्यात जमा होतात की बुडतात; जास्तीच्या किलोमीटरचा हिशेब महिन्याला की वर्षाला; आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजा एकाचा चढणार की दोघांचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गाडी विकताना फार महाग पडू शकतं.

विम्यातही हेच बघा. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, बॅटरी धरून काढलेली आहे की नाही ते पॉलिसीवर तपासा. भाड्याची बॅटरी असताना गाडी पूर्ण निकामी झाली आणि आयडीव्हीत बॅटरी नसेल, तर बॅटरीची शिल्लक खिशातून भरावी लागेल. थर्ड पार्टीचा हप्ता ईव्हीला मोटरच्या ताकदीवर ठरतो. विंडसरची मोटर १०० किलोवॅटची, म्हणजे ६५ किलोवॅटच्या वरच्या गटातली. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार या गटाला वर्षाला ६,७१२ रुपये आहेत. ‘ईव्हीला विमा स्वस्त’ हे ऐकलेलं या गाडीला फारसं लागू पडत नाही.

नोकरदारांसाठी तिसरा मार्ग असतो, कंपनीमार्फत अख्खी गाडी लीजवर. त्यात गाडी लीज कंपनीच्या नावावर, भाडं पगारातून कापलं जातं, विमा आणि सर्व्हिस बहुतेक वेळा त्यातच. सोपं दिसतं, पण तीन आकडे विचारल्याशिवाय हो म्हणू नका : वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आणि पुढे किलोमीटरला किती दंड, नोकरी सोडली तर करार मोडण्याची रक्कम, आणि शेवटी गाडी ठेवायची असेल तर किती भरायचं. ईव्हीची जुन्या बाजारातली किंमत पेट्रोलपेक्षा लवकर उतरते. म्हणून शेवटची रक्कम आज मोठी ठरवलेली असेल तर तेव्हा बाजारभावापेक्षा जास्त मोजावे लागतील. गाडी परत करायची असेल तर मात्र ती उतरण लीज कंपनीच्या माथी, आणि हाच लीजचा खरा फायदा.

पार्किंगमधली वायर

रोजच्या वापरात ईव्हीचे निम्म्याहून जास्त त्रास गाडीतले नसतात, वायरिंगमधले असतात. त्यामुळे इथे कंजुषी नको.

दोन प्रकारे घरी चार्ज होते. एक ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर, १६ अँपियरच्या सॉकेटमध्ये लागणारा. रिकाम्यापासून पूर्ण भरायला १४ तासांच्या आसपास. दुसरा भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा बॉक्स, ३२ अँपियर ओढणारा, सुमारे ७ तासांत भरणारा. कोणत्या व्हेरियंटसोबत कोणता चार्जर मिळतो आणि बसवण्यात किती मीटर वायर फुकट धरली आहे, हे कोटेशनवर लिहून घ्या. बेसमेंटमधल्या पार्किंगला ही वायर हमखास अपुरी पडते आणि वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे लागतात.

रोज ५०–६० किलोमीटर चालवणाऱ्याला ३.३ किलोवॅट पुरतो. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत दीडशे किलोमीटर सहज भरतात. ७.४ चा हट्ट तेव्हा धरावा जेव्हा गाडी रोज दीडशेच्या वर चालते किंवा घरात दोन ईव्ही आहेत.

पोर्टेबल चार्जर साध्या घरगुती १६ अँपियरच्या सॉकेटला लावणं ही सगळ्यात मोठी चूक. गिझर वीस मिनिटं चालतो, चार्जर सलग दहा-बारा तास १४ अँपियर ओढतो. घरगुती सॉकेटच्या पितळी पट्ट्या तेवढ्या वेळात तापून ढिल्या पडतात, ढिल्या झाल्या की अजून तापतात, आणि शेवटी प्लॅस्टिक वितळतं. तिथे निळा औद्योगिक १६ अँपियरचा सॉकेट बसवा, झाकण असलेला, जमिनीपासून मीटरभर उंचीवर. चार्जरचा प्लग त्यात बसत नसेल तर चांगल्या प्रतीचा मेटलक्लॅड सॉकेट चालतो. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, ‘आजच्या रात्रीपुरता’ म्हणूनसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात दोन तास चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद.

वायर तांब्याची. १६ अँपियरला ४ चौरस मिलिमीटर, ३२ अँपियरला ६, आणि अंतर ३० मीटरच्या पुढे गेलं तर १०. कारण साधं आहे. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ५० मीटरवर ३२ अँपियर नेले तर जाता-येता मिळून १२ व्होल्टच्या आसपास घट होते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज २१० ला उतरलेलं असेल तर चार्जरपाशी १९८ उरतात, मग चार्जर स्वतःहून वेग कमी करतो किंवा मधेच थांबतो. सकाळी गाडी ४० टक्क्यांवर सापडते आणि दोष गाडीला जातो.

३२ अँपियरच्या बॉक्सला ४० अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) हवा. आरसीसीबी टाइप ए घ्या. बाजारातला सर्रास मिळणारा एसी टाइप इथे चालत नाही, कारण गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. बॉक्समध्ये ६ मिलिअँपियरचं डीसी संरक्षण आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर टाइप बी लागतो, तो महाग असतो पण पर्याय नाही.

आणि अर्थिंग. चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसला तर दहातल्या नऊ वेळा कारण अर्थिंग असतं. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा : फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल हे दोन्ही व्होल्टेज जवळजवळ सारखे आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ५ व्होल्टच्या आत, शक्यतो २-३. त्याहून जास्त येत असेल तर जुन्या इमारतीची अर्थिंग कामाची नाही, चार्जरसाठी वेगळा खड्डा घ्यावा लागेल. न्यूट्रलला अर्थ जोडून ‘जमवून’ देणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांना तिथूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला तर गाडीची बॉडी जिवंत होईल.

लोडचा विचार आधी. सिंगल फेज घराचा मेन स्विच ३२ किंवा ४० अँपियरचा. ७.४ किलोवॅटचा बॉक्स एकटाच ३२ खातो. वर एसी आणि गिझर लागले की मेन पडणारच. मंजूर लोड वाढवा, नाहीतर बॉक्समध्ये करंट १६ वर मर्यादित करण्याची सोय असेल ती वापरा, नाहीतर चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतरची लावा.

घरच्याच मीटरवर चार्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट केलं होतं. आडकाठी स्लॅबची आहे. १,५०० किलोमीटरला भिंतीतून सुमारे २५० युनिट जातात. बॅटरीतून युनिटमागे सात किलोमीटर मिळाले तरी चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणून सहाच धरा. घराचा वापर आधी २०० युनिट असेल तर हे २५० त्याच्या डोक्यावर बसतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांत वहन आकार धरून १०१ ते ३०० युनिटला सुमारे साडेअकरा आणि ३०१ ते ५०० ला सुमारे पावणेसोळा रुपये पडत होते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे २५० युनिटचे चार हजारांच्या वर, किलोमीटरला २.७० रुपये.

ईव्हीसाठी वेगळा मीटर घेतला की स्लॅबचा फास सुटतो, कारण ईव्हीचा दर वेगळ्या वर्गवारीतला असतो. सगळे आकार धरून युनिट ९ रुपयांना पडला तर महिन्याला २,२५० रुपये, किलोमीटरला दीड. अर्थात वेगळ्या मीटरला स्थिर आकार, अनामत आणि केबल टाकण्याचा खर्च आहे. रनिंग हजार किलोमीटरच्या आत असेल आणि घराचा वापर शंभर-सव्वाशे युनिट असेल तर घरचाच मीटर बरा. त्यापुढे वेगळा घ्या. वेळेनुसार सवलतीच्या तासांचं पत्रक दर आदेशाबरोबर बदलतं. बिलावरचे झोन बघून टायमर लावा. ‘रात्री स्वस्त’ हे आता गृहीत धरू नका, स्मार्ट मीटरवर सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे. छतावर सोलर असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी लावणं सगळ्यात फायद्याचं.

सोसायटीकडे अर्ज करताना नुसतं ‘परवानगी द्यावी’ लिहू नका. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबलचा मार्ग, तिचा आकार, एमसीबी-आरसीसीबीची क्षमता, परवानाधारक ठेकेदाराचं नाव आणि बिल तुमच्या मीटरवर येणार असल्याचं एका कागदावर आखून जोडा. समितीची भीती दोनच गोष्टींची असते, आग लागेल का आणि बिल कोण भरणार. दोन्हींचं उत्तर त्या कागदावर असेल तर फाईल हलते. ना हरकत मिळाली की नव्या जोडणीचा ए-१ अर्ज, ठेकेदाराचा चाचणी अहवाल, आणि महावितरणची पाहणी. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, ज्याचा भाग असेल त्याच्याकडे.

समितीनेही एक गोष्ट आत्ताच करावी. एकेकाला सुटी केबल ओढू देण्याऐवजी पार्किंगपर्यंत एक जाड सामायिक केबल, तिथे पॅनेल आणि प्रत्येकाला उपमीटर. वीस गाड्या ७.४ किलोवॅटने एकदम लागल्या तर १४८ किलोवॅट होतात. एवढा भार बहुतेक इमारतींना झेपणार नाही, त्यामुळे भार वाटून देणारी यंत्रणा आज ना उद्या लागणारच.

बाहेरचं चार्जिंग आणि घाट

३८ युनिटच्या विंडसरकडून शहरात २६०–२८०, हायवेवर शंभरच्या वेगाला २३०–२४० किलोमीटर धरावेत. ८० ला चालवली तर पन्नास-एक किलोमीटर जास्त. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर एका चार्जमध्ये आरामात. खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटरची चढण आहे. चार माणसं बसलेल्या गाडीला त्या चढणीसाठी सपाट रस्त्यापेक्षा सुमारे ३ युनिट जास्त लागतात, म्हणजे बॅटरीचे ८ टक्के दहा-बारा किलोमीटरमध्ये उतरतात. घाबरायचं कारण नाही. उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत येतात, फक्त उतारावर ब्रेकने परत भरण्यासाठी बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यात १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनरेशन, म्हणजे वेग कमी होताना बॅटरी परत भरणं, जवळजवळ बंद होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर. कागदावर पोचते, व्यवहारात सातारा-कराडच्या दरम्यान एक थांबा धराच. मूळ विंडसर फास्ट चार्जरवर ४५ किलोवॅटच्या आसपासच घेते, प्रो ६० पर्यंत. १० ते ८० टक्के भरायला ४० ते ४५ मिनिटं, सुमारे २७ युनिट. युनिटला २२ रुपये दर असेल तर ६०० च्या आत बिल आणि १८० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन रुपये, ईव्हीच्या वेगळ्या मीटरच्या दुप्पट. ८० नंतर वेग इतका पडतो की उरलेल्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ जातो. मागे रांग असेल तर ८० ला गाडी काढणं ही माणुसकीही आहे.

फक्त सार्वजनिक चार्जिंगवर ही गाडी ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. भाड्याची बॅटरी आणि बाहेरचं चार्जिंग मिळून किलोमीटर पावणेसात रुपयांवर जातं, पेट्रोलशी बरोबरी, आणि आठवड्यातून दोनदा रांगेत तासभर.

प्रवासाआधी टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी यांपैकी त्या मार्गावरची दोन-तीन ॲप घरीच टाका, केवायसी करा, प्रत्येकात तीन-चारशे रुपये ठेवा. चार्जरपाशी नेटवर्क नसेल तर ओटीपी येत नाही, तेव्हा चार्जरला टेकवायचं आरएफआयडी कार्ड कामी येतं. ठिकाण निवडताना दोन बंदुका (गाडीत खोचायचे प्लग) असलेला चार्जर बघा, आणि त्याच्या पुढे २५–३० किलोमीटरवर दुसरा पर्याय आहे ना ते आधी पाहा. पोचताना १५ टक्के शिल्लक हवेत.

चार्जिंग सुरू होत नसेल तर हा क्रम : आधी चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं नाही ना बघा, कोणीतरी दाबून गेलेलं असतं. मग गाडी बंद, दारं लॉक. बंदूक पूर्ण आत ढकला आणि पहिला अर्धा मिनिट खालून हाताने आधार द्या. जड केबलमुळे सीसीएस-२ बंदूक खाली लटकते, संपर्क तुटतो आणि गाडी-चार्जरचं बोलणं मधेच थांबतं. तरीही नाही झालं तर दुसरी बंदूक, आणि मग हेल्पलाइनला फोन करून चार्जर दुरून रीस्टार्ट करायला सांगा. ६० किलोवॅटच्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की वेग ३० वर येतो, तो बिघाड नाही. बंदूक निघत नसेल तर ओढाताण नको. ॲपवर सेशन बंद करा, गाडी अनलॉक करा, मग काढा.

टोलबद्दल : महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. तरी फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी होत असतात. हिरवी नंबरप्लेट आणि फास्टॅगवरची नोंद जुळते का ते तपासा, कापले गेल्यास मेसेज जपून ठेवून बँकेकडे दाद मागा. राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके या माफीत येत नाहीत, कोल्हापूरच्या वाटेवर टोल लागतोच.

बॅटरी आणि देखभाल

एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज भरलेल्या आणि अर्ध्या अवस्थेत जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे गाडीला शिल्लक टक्के मोजणं अवघड जातं. म्हणून आठवड्यातून एकदा संथ चार्जरवर १०० टक्के होऊ द्या, तासभर तशीच लावून ठेवा. हे महिनोन्‌महिने केलं नाही तर २० टक्के दाखवणारी गाडी अचानक ८ वर येते. महिनाभर गावी जाणार असाल तर ५०–६० टक्क्यांवर ठेवून जा.

गाडी बंद पडण्याचं सर्वांत सामान्य कारण मोठी बॅटरी नसते, बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली की दारं उघडत नाहीत, पडदा लागत नाही, मुख्य बॅटरी ८० टक्के असली तरी गाडी मुडद्यासारखी. चावीच्या आतली लोखंडी किल्ली कशी वापरायची आणि जंप स्टार्टचे टोक कुठे, हे डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या.

टायर दर १०,००० किलोमीटरला फिरवा आणि अलाइनमेंट करा. ईव्हीचं वजन आणि तात्काळ मिळणारी ताकद पुढचे टायर लवकर खाते. रिजनरेशनमुळे ब्रेक पॅड टिकतात, पण पावसाळ्यात डिस्क गंजतात, म्हणून आठवड्यातून दोन-चारदा रिजनरेशन कमी करून जोरात ब्रेक लावा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे जास्त पाळावं. बॅटरी आयपी६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून सुरक्षित, आहे याचा अर्थ तुंबलेल्या पाण्यातून गाडी न्यावी असा नाही. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली गाडी सुरूही करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उचलून सर्व्हिस सेंटरला न्या.

पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी आहे, दुसऱ्याला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर. जुनी विंडसर घेणाऱ्याने हा फरक किमतीत धरावा. सर्व्हिसच्या पावत्या आणि अधिकृत केंद्रातला बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागितल्याशिवाय टोकन देऊ नका. भाड्याच्या बॅटरीची गाडी असेल तर गाडीच्या कर्जाचं आणि बॅटरीच्या कराराचं, अशी दोन्ही ना हरकत पत्रं आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी हातात हवा. बॅटरीचा करार नव्या मालकाच्या नावे करायचा असेल तर फायनान्स कंपनीची लेखी मंजुरी येईपर्यंत पैसे थांबवा, कारण तोवर भाड्याचा हप्ता जुन्याच मालकाच्या खात्यातून कापला जातो आणि तो चुकला तर जप्तीची नोटीस तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर येते.